दोघींचं वजन

चौदा महिन्यांत माझ्या आईचं वजन अकरा किलोंनी उतरलं, आणि त्याची दर आठवड्याची नोंद माझ्याकडे माझ्याच हस्ताक्षरात आहे. शंभर ग्रॅमपर्यंत बिनचूक. फक्त त्या काळात मी मांजराचं वजन करत होतो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी मूर्ख वाटेन. नीट सांगितल्यावरही वाटेनच, पण निदान कुठल्या जातीचा मूर्ख ते कळेल.

मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या आरोग्यावर सदर लिहितो. नऊ वर्षं झाली. कुत्र्याची नखं कधी कापावीत, मांजराचे दात कसे तपासावेत, सशाला काय खायला घालू नये, हे मी हजारो लोकांना सांगितलेलं आहे. मी स्वतः आजवर काहीही पाळलेलं नाही. सदर माझ्याकडे आलं तेव्हा मी पुरवणीचं शब्दकोडं बघत होतो. प्राण्यांवर लिहिणारे गृहस्थ अचानक सोडून गेले, आणि संपादक म्हणाले, "तुम्हाला जमेल. तुम्ही भावनाप्रधान नाही." मी ते कौतुक समजलो.

मजकूर बरोबर आहे की नाही हे बघायला एक डॉक्टरबाई आहेत. जनावरांच्या डॉक्टर. त्या माझ्या लेखातली विशेषणं कापतात. एकदा एका लेखातून त्यांनी "लाडक्या" हा शब्द अकरा ठिकाणी उडवला आणि समासात लिहिलं, "लाडक्या असो वा नसो, जंताचं औषध तेवढंच."

आई बसने पाच तासांवर राहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकटी. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली. तिच्या हातात नुसती पिशवी दिली तरी ती डोळे किंचित बारीक करून सांगायची, "सव्वा किलो. कांदे असतील." मी कधी काटा लावून तपासलं नाही. बाबांनी तपासलं होतं म्हणे लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि पुन्हा कधी तो नाद केला नाही.

तिच्याकडे एक मांजर होती. अकरा वर्षांपूर्वी दार उघडं दिसलं म्हणून आत आली, पलंगाखाली बसली, आणि आई शेजारणीला म्हणाली, "असू दे, पाहुणी आहे, जाईल संध्याकाळी." नाव तेच पडलं. पाहुणी.

पाहुणीची मूत्रपिंडं थकली. म्हाताऱ्या मांजरांचं असं होतं. मी त्यावर तीनदा लिहिलंय. आईच्या तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आमच्या डॉक्टरबाईंनी दुरून लक्ष ठेवायचं कबूल केलं. "बाकी काही नको," त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला वजन कळवा. मांजर बोलत नाही, वजन बोलतं. दोनशे ग्रॅमनी उतरलं तरी मला कळलं पाहिजे."

आता मांजराचं घरच्या घरी वजन कसं करावं, हा माझ्या सदराचा सर्वांत गाजलेला लेख आहे. मांजर काट्यावर उभं राहत नाही. तेव्हा आधी मांजराला उचलून घेऊन आपण उभं राहायचं. आकडा लिहायचा. मग मांजराला सोडून एकट्यानं उभं राहायचं. तोही आकडा लिहायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, उरलं ते मांजर. शेवटी मी लिहिलं होतं, "तुमच्या वजनाशी आपल्याला काही कर्तव्य नाही." डॉक्टरबाईंनी हे वाक्य कापलं नव्हतं. वाचकांना तर फारच आवडलं. एका बाईंनी कळवलं की आयुष्यात पहिल्यांदाच त्या निर्धास्तपणे काट्यावर चढल्या.

मी आईला काटा नेऊन दिला. दर रविवारी सकाळी दहाला फोन ठरला. ती फोन वॉशिंग मशीनवर ठेवून स्पीकर लावायची. मागे नळ ठिबकताना ऐकू यायचा.

"घे लिहून. दोघींचं बासष्ट सात. एकटीचं अठ्ठावन्न चार."

"म्हणजे चार तीन. छान."

"छान कसलं? सकाळी उलटी केलीय तिनं माझ्या चपलेत."

"किती वेळा?"

"एकदाच. चपला दोन होत्या, पण तिनं एकच निवडली."

मी टेबलावरच्या डायरीत लिहायचो. वर दोघींचं, खाली एकटीचं, त्याखाली रेघ, आणि उत्तराला गोल. मग फक्त गोलातला आकडा डॉक्टरबाईंच्या तक्त्यात भरायचा. शाळेतल्यासारखी वजाबाकी. शाळेतही मी उत्तर काढून मोकळा व्हायचो, पडताळा करायचो नाही.

डॉक्टरबाईंनी प्रश्नांची एक यादी दिली होती, ती मी फोनवर वाचायचो. पाणी किती पिते, लघवी किती वेळा, केस गळतात का, एका जागी बसून राहते का. आई उत्तरं द्यायची.

"जेवते का नीट?"

"कोण?"

"पाहुणी गं. दुसरं कोण?"

"हां. ती जेवते."

सहाएक महिन्यांनी एकदा ती म्हणाली, "दोघींचं अठ्ठावन्न दोन. एकटीचं चौपन्न."

"चार दोन. एकदम स्थिर."

"हो. ती स्थिर आहे."

मग पलीकडून काहीच येईना. मी म्हटलं, "आई, आवाज येतोय का?"

"येतोय की," ती म्हणाली. "तुझा येतोय."

मी त्या काळात तिच्याकडे गेलो नव्हतो असं नाही. तीनदा गेलो. मांजराचं खास खाणं घेऊन गेलो. आई बारीक झाली होती, हे मला दिसलं. मी त्याला बारीक होणं म्हटलं, आणि आपल्याकडे बारीक होणाऱ्याचं अभिनंदन करतात. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्या आई किती चटपटीत झाल्यात हो!" माझी बायको एकदा बरोबर होती. ती म्हणाली, "आई, मलापण सांगा ना, तुम्ही काय खाता ते."

"काही नाही खात," आई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा.

चौदाव्या महिन्यात मी एक चूक केली. एक्कावन्न नऊमधून सत्तेचाळीस आठ वजा केले आणि पाच एक लिहिले. बोटांवर एक जास्त मोजला. पुढच्या रविवारी पुन्हा चार एक आले. मी दोन्ही आकडे तक्त्यात भरले आणि तक्ता डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो.

त्यांच्या दवाखान्यात बाहेर एक कुत्रा गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा घालून बसला होता आणि समोरच्या भिंतीवर तोच पुन्हा पुन्हा आपटत होता. डॉक्टरबाई हात धुऊन आल्या, तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "आठवड्यात किलोभर वाढलं, दुसऱ्या आठवड्यात किलोभर उतरलं? पाहुणीच्या पोटात पाणी झालं असेल तर प्रकरण गंभीर आहे. नसेल तर तुमचं गणित गंभीर आहे. मूळ आकडे आहेत?"

डायरी पिशवीत होती. मी दिली. त्यांनी चूक दोन सेकंदांत काढली, आणि मी विनोद करायला तोंड उघडलं. पण त्या डायरी परत देईनात.

"हा खालचा आकडा कुणाचा?"

"आईचा. तो सोडून द्या, तो वजा करायचा असतो."

"तो वजा करायचा असतो हे मला माहीत आहे, मीच तपासलाय तुमचा लेख. दर वेळी आईच उभ्या राहतात?"

"दुसरं आहे कोण तिथं?"

"मधे काटा बदललात?"

"नाही."

त्या मागे गेल्या. पहिल्या रविवारपासून एकेक पान उलटत पुढे आल्या, आणि त्यांचं बोट प्रत्येक पानावर रेघेच्या वरच थांबत होतं, गोलापर्यंत जातच नव्हतं. अठ्ठावन्न चार. सत्तावन्न नऊ. छप्पन्न सहा. चौपन्न. एक्कावन्न तीन. सत्तेचाळीस आठ. सत्तेचाळीस एक. मी पण बघत होतो. हे आकडे मी लिहिले होते, आणि मी ते पहिल्यांदा वाचत होतो.

"मुद्दाम कमी करताहेत का? डाएट वगैरे?"

"नाही. म्हणजे... विचारलं नाही."

"एक पंचमांश गेलंय हो शरीर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे मांजर असतं ना, तर तिसऱ्या महिन्यात मी तुम्हाला फोन करून शिव्या घातल्या असत्या."

बाहेर भोंगा भिंतीवर आपटला.

"मला माणसांतलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण उतार तो उतारच. उद्यावर टाकू नका. आजच निघा."

बसमध्ये मला संपादकांचा निरोप आला की येत्या रविवारचा मजकूर एकदा नजरेखालून घालून पाठवा. लेखाचा विषय होता, मांजर आपलं दुखणं कसं लपवतं. 'ते तक्रार करणार नाही. जेवायला बसेल, पण खाणार नाही. मालकानं रोज निरखून बघावं.' मी त्यातला एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिला.

आईनं दार उघडलं. ती म्हणाली, "आज कुठला रविवार?" आणि मी तिच्याकडे बघितलं. तिनं ब्लाउजला दोन्ही बाजूंनी टाचण्या मारल्या होत्या. घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकू नये म्हणून त्याच्या पट्ट्याखाली रुमाल दुमडून घातला होता. हे सगळं मागच्या खेपेलाही असणार.

इस्पितळात तपासण्या झाल्या. तिथले डॉक्टर तरुण होते, चष्म्याच्या काचा फार स्वच्छ. त्यांनी विचारलं, "वजन साधारण कधीपासून उतरतंय?" त्यांनी पेन उचललंही नव्हतं, या प्रश्नाला नातेवाईक "अलीकडेच" म्हणतात हे त्यांना पाठ असणार. मी डायरी त्यांच्यापुढे ठेवली.

ते पानं उलटत गेले. "वा," ते म्हणाले. "हे तुम्ही ठेवलंय?"

"हो."

"दर आठवड्याला? इतकी व्यवस्थित नोंद ठेवणारा मुलगा मी पहिल्यांदा बघतोय."

"लहानपणापासून व्यवस्थितच आहे तो," आई म्हणाली. हा टोमणा होता की कौतुक, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

"मग इतके दिवस दाखवायला का नाही आणलंत?"

मी खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं उचकटत होतो. आईनंच उत्तर दिलं. "आम्ही मांजराचं बघत होतो, डॉक्टर."

त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. ते मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे त्यांची नजर गेली आणि ते थांबले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, जो मुळातच स्वच्छ होता.

गाठ पोटात होती, आणि तिथून यकृतात गेली होती. आईला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं, "सहा-आठ महिने आधी आला असतात, तर..." आणि तिथं थांबले. डॉक्टर लोक अशी वाक्यं अर्धी सोडतात, कारण ती पूर्ण करायला नातेवाइकांकडे उरलेलं आयुष्य असतं.

आईला आणि पाहुणीला मी आमच्याकडे आणलं. माझ्या लिहायच्या खोलीत आईचा पलंग घातला, टेबल बाहेर काढलं. आई आमच्याकडे सात आठवडे होती. त्यातले चार आठवडे मी तिच्याशी सगळ्या विषयांवर बोललो. जुन्या शेजाऱ्यांवर बोललो, पोस्टातल्या त्या साहेबांवर बोललो ज्यांनी एकदा चुकून स्वतःच्याच जेवणाच्या डब्याला तिकिटं लावून शिक्का मारला होता. फक्त एक प्रश्न मी विचारत नव्हतो. तो सकाळी तिचं तोंड पुसताना यायचा, सूप भरवताना यायचा, आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या आडून दुसरंच काहीतरी विचारायचो. तिला माहीत होतं का? माहीत नसेल, तर दोघांचंही दुर्लक्ष झालं, आणि त्याच्याबरोबर राहता येतं. माहीत असेल, तर ती दर रविवारी दहा वाजता मला सांगत होती, आणि मी "छान" म्हणत होतो.

पाचव्या आठवड्यात आईच्या बोटांतली ताकद गेली, आणि पाहुणीला गोळी देण्याचं काम माझ्याकडे आलं. मांजराला गोळी कशी द्यावी यावर मी दोन लेख लिहिले आहेत, एकाबरोबर चित्रंही होती. मी मांजराला टॉवेलात गुंडाळलं, चित्रातल्यासारखं डोकं वर केलं, आणि पाहुणीनं माझ्या अंगठ्यातून रक्त काढलं. गोळी पलंगाखाली गेली.

आई उशीला टेकून बघत होती. तिला हसू आलं, मग खोकला आला, मग पुन्हा हसू. "अरे, तिला काय बांधून कुठं पाठवायचीय का? सोड तो टॉवेल. मांडीवर घे. तिच्या पाठीमागून हात आण, समोरून नको. समोरून आलं की तिला वाटतं तू भांडायला आलायस."

मी मांडीवर घेतलं. मागून हात आणला.

"कानामागं खाजव आधी. घाई नको करूस. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल. तिला काय कळतंय."

मी पाहुणीच्या कानामागं खाजवत होतो, आणि माझी नजर तिच्यावरच होती. म्हणून बोलता आलं असावं. "आई, तुला कळत होतं ना?"

"काय?"

"वजन."

"अरे, एकतीस वर्षं काट्यासमोर बसलेय मी. आकडा वाचता येतो मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. दोन आकडे सांगायचे. तू एकच घ्यायचास."

पाहुणी घुरघुरायला लागली होती. तिला खरंच काही कळत नव्हतं.

"तसं नाही गं. नीट सांगायचंस. बरं वाटत नाही, खाल्लं जात नाही, असं."

आई छताकडे बघत म्हणाली, "पहिल्यांदा म्हटलं, बरंच झालं, गुडघ्यांवरचा भार उतरला. मग म्हटलं, हा विचारेल. तू काही विचारेनास. मग मी म्हटलं, याला दिसतंय आणि हा काही म्हणत नाही, म्हणजे काळजीचं नसणार. तू आरोग्यावरच लिहितोस."

"प्राण्यांच्या."

"हां, मग आपण कोण लागून गेलोय?"

मला हसायला आलं नाही.

"आणि खरं सांगू?" ती म्हणाली. "नंतर नंतर भीती वाटायला लागली मला. शनिवारपासूनच मनात घोळायचं, उद्या काट्यावर चढायचं. मग तू फोनवर म्हणायचास, चार दोन, एकदम स्थिर. बरं वाटायचं रे ते ऐकून. म्हटलं, चला, घरात एक जण तरी जागच्या जागी आहे. तो दुसरा आकडा तुला नको होता, आणि शेवटी शेवटी मलाही नको होता. तेव्हा सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. अर्धं इकडे दे."

मी म्हटलं, "वाटून घ्यायची गोष्ट आहे का ही?"

"नाही तर काय. दे आता गोळी. झोपेल ती."

मी पाहुणीच्या तोंडाच्या कडेनं बोट घातलं, तिनं तोंड उघडलं, मी गोळी जिभेच्या मागं सोडली आणि जबडा मिटून धरला. एवढं सोपं होतं. दोन लेख आणि चित्रं यांची काही गरज नव्हती. मी तिला खाली ठेवून उठायला लागलो.

"उठू नकोस," आई म्हणाली. "गोळी दिली की लगेच उठायचं नसतं. ती गालात धरून ठेवते. तुझी पाठ वळली की टाकते. हे लिहिलं नाहीस का कधी?"

"नाही."

"मग नऊ वर्षं लिहिलंस काय? बस तिथंच. बघत राहा."

मी बसलो. पाहुणीनं गिळलं, नाकावरून एकदा जीभ फिरवली आणि खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन पडली. आईचे डोळे मिटले होते. तिच्या गळ्याखालच्या खळग्यात आता अंगठा मावला असता. श्वास वर यायला वेळ लागत होता, आणि खाली जायला त्याहून जास्त. पापणीवर एक निळी शीर होती, ती मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. ती नवी होती की पहिल्यापासूनच होती, हे मला सांगता आलं नसतं.

"गिळली का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"गिळली."

"मग जा आता. तुझी कामं पडली असतील."

"बसतो जरा," मी म्हटलं.

माझ्याकडे तिनं हात सरकवला, अगदी थोडा, चादरीच्या दुसऱ्या रेघेपर्यंत. बाहेरून बायकोनं जेवायला हाक मारली. मी उठलो नाही, आणि तिनंही पुन्हा मारली नाही.